विस्तवावरचे अन्न : नाशिकच्या परिसरात ते कसे शोधावे



मागल्या वर्षीच्या दिवाळीत माझा भाचा मुंबईहून सहकुटुंब आमच्याकडे आला होता. तिसऱ्या दिवशी घरच्या फराळाला कंटाळून तो मला म्हणाला, "मामा, नाशिकच्या आसपास चांगले बार्बेक्यू कोठे मिळते, ते सांगा ना." मी तीस वर्षे शाळेतील मुलांना पंचवटीपासून पांडवलेण्यांपर्यंत हिंडविले; परंतु या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. भाच्याने आपल्या फोनवर पुष्कळ नावांची एक यादी काढली, तीत ज्या नावापुढे सर्वांत अधिक तारे होते ते निवडले, आणि आम्ही सातजण तेथे गेलो. दिवे पुष्कळ होते, धूर पुष्कळ होता, आणि कोंबडीचा रंग कुंकवासारखा होता. हाडापाशी मांस गुलाबी व ओलसर राहिले आहे हे मला दिसले होते; पण पाहुण्यांच्या देखत ताट परत पाठविण्याचा मला संकोच वाटला. त्या संकोचाची किंमत भाचेसुनेने दोन दिवस अंथरुणास खिळून दिली.

तेव्हापासून हिवाळा, उन्हाळा व पावसाळा असे तीनही ऋतू मी या एका प्रश्नाच्या पाठीस लागलो आहे. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा निकाल लावू. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा. लाकडाच्या ज्या माचावर ते मासळी व मांस विस्तवापासून अंतरावर ठेवून भाजीत, त्याचे नाव स्पॅनिश लोकांच्या मुखी 'बार्बाकोआ' झाले आणि तेथून ते इंग्रजीत आले. नाव दूरचे असले तरी वस्तू आपल्याला नवी नाही. पाणिनीच्या व्याकरणात शुळावर, म्हणजे सळईवर, सिद्ध केलेल्या अन्नाला 'शूल्य' व उखेत, म्हणजे हंडीत, शिजविलेल्या अन्नाला 'उख्य' अशी दोन रूपे सिद्ध होतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही मांस भाजण्याचे प्रकार दिलेले आहेत. मला स्वतःला पाणिनीचे ते दोन शब्द फार उपयोगी पडले. हॉटेलात शिरण्यापूर्वी मी मनाशी विचारतो : येथे मिळणार ते शूल्य की उख्य?

हा भेद केवळ शब्दांचा नाही. हंडीत पाणी आहे तोवर आतल्या पदार्थाची उष्णता उकळबिंदूच्या, म्हणजे सुमारे १०० अंशांच्या, वर चढत नाही. मग खाली बाभळीचे लाकूड असो वा गॅसची ज्योत असो. निखाऱ्यासमोर उघड्या धरलेल्या पदार्थाचे तसे नाही. त्याचा पृष्ठभाग प्रथम कोरडा होतो आणि मग १४० अंशांच्या पलीकडे जातो. तेथे प्रथिनांतील घटक व शर्करा यांचा परस्परांशी संयोग होऊन तो खमंग तपकिरी रंग आणि वास निर्माण होतो. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. आपल्या आज्या 'खरपूस' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून वापरीत होत्या.

आता नाशिकच्या सर्वांत गाजलेल्या गोष्टीकडे येऊ. गंगापूर–सातपूर जोडरस्त्यावर, बारदान फाट्याजवळ, 'साधना'च्या चुलीवरच्या मिसळीला रविवारी सकाळी किती गर्दी लोटते हे नाशिककरांना सांगावयास नको. तिच्या मागोमाग गंगापूर रस्त्यावर, मखमलाबादच्या बाजूस, द्राक्षांच्या मळ्यांतून 'चुलीवरची' अशा पाट्या पुष्कळ लागल्या. मला मिसळ आवडते. झाडाखाली बसून, समोर मळा पाहत ती खाण्यात जे सुख आहे त्याचे मोल मी कमी करणार नाही. परंतु मिसळीचा कट हा उख्य पदार्थ आहे. झाकलेल्या पातेल्यात धुराचा अंश क्वचितच शिरतो. चूल मंद व एकसारखी ठेवली तर रसा सावकाश मुरतो, हा लाभ खरा. तथापि तोच लाभ मंद गॅसवरही मिळतो. तेव्हा 'चुलीवरची' या पाटीचा खरेखोटेपणा मिसळीवरून ठरत नाही. तो ठरतो भाकरीवरून.

भाकरी तव्यावर दोन्ही अंगांनी भाजून झाली की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर ती उभी टेकवितात. तेथे ती टम्म फुगते, तिचा पापुद्रा सुटतो आणि त्यावर काळे-तपकिरी ठिपके उमटतात. हे ठिपके एकसारखे नसतात; ज्या बाजूस निखारा जवळ होता तेथे ते दाट असतात. गॅसच्या ज्योतीवर फुगविलेल्या भाकरीवर ते बहुधा गोल कड्यासारखे दिसतात आणि तिचा वासही वेगळा येतो. म्हणून मिसळीच्या ठिकाणी मी पावाबरोबर एक भाकरी अवश्य मागवितो. भाकरी नसेल तर पापड. नागलीचा पापड आरावर भाजलेला आहे की तेलात तळलेला आहे, हे ओळखावयास विद्वत्ता लागत नाही.

लाकूड व निखारा यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक फसगत येथेच होते. धूर म्हणजे चव, अशी शहरी माणसाची समजूत झाली आहे. लाकूड तापले म्हणजे त्यातील पाणी आधी वाफेच्या रूपाने निघून जाते. मग त्यातील घटक फुटून वायू निघतात आणि तेच पेटून ज्वाळा होते. ज्वाळा शमल्यावर मागे राहतो तो निखारा. लाकडाला कठीणपणा देणारा लिग्निन नावाचा एक घटक असतो. तो फुटताना जे सुगंधी पदार्थ निघतात त्यांनाच आपण लाकडाच्या धुराचा वास म्हणतो. कोळशात लिग्निन जवळजवळ उरलेलेच नसते. म्हणजे लोणारी कोळशाच्या चांगल्या विस्तवाला स्वतःचा वास फारच थोडा. मग शेगडीवरच्या कबाबाला तो वास कोठून येतो? चरबी व मसाला यांचे थेंब निखाऱ्यावर पडून जळतात, आणि त्यांचा धूर वर येऊन त्याच मांसाला चिकटतो. थोडा असेल तर तो स्वाद. अधिक झाला तर त्यात आरोग्यास घातक अशी, कर्करोगास कारण होणारी द्रव्ये वाढतात. कसबी कारागीर म्हणूनच ज्वाळा उठली की सळई बाजूला घेतो. ज्या शेगडीवर ज्वाळा सतत भडकत आहेत आणि माणूस दुसरीकडे पाहत आहे, तेथून मी परत फिरतो.

निखारा तयार झाला की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. त्यावर राखेचा करडा पडदा धरला पाहिजे आणि आतून लाली दिसली पाहिजे. वीतभर उंचीवर तळहात धरून आकडे मोजा : तीन-चार म्हणेपर्यंत हात काढावा लागला तर विस्तव तेज आहे, कबाबास योग्य, सात-आठपर्यंत धरवला तर मंद आहे, वांगी व कंद यांस योग्य. अर्थात हॉटेलातल्या शेगडीवर हात धरावयास कोणी देणार नाही. पण घरच्या अंगणात हे करून पाहिले असले म्हणजे डोळ्यांनाही अंदाज येतो.

सरपणाकडे पाहावे. बाभळीचे वाळके, जड लाकूड उत्तम. दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर कोरड्याचा टणत्कार येतो, ओल्याचा बद्द आवाज. मोडक्या खोक्यांच्या रंगविलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, रॉकेल शिंपडून पेटविलेला कचरा, यांपैकी काहीही मागल्या बाजूस दिसले तर पुढच्या बाजूची सजावट पाहण्याचे कारण उरत नाही. आमच्या जिल्ह्यात एप्रिलात व ऑक्टोबरात द्राक्षवेलींची छाटणी होते आणि काड्यांचे ढीग पडतात. फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात अशाच वेलींच्या काड्यांवर मांस भाजण्याची प्रसिद्ध रीत आहे. ती येथे का रुजू नये, असे कोणी विचारील. मलाही प्रथम ती कल्पना फार आकर्षक वाटली. पण आपल्या बागांवर फवारण्या किती होतात हे मी निफाड तालुक्यात लहानाचा मोठा झाल्यामुळे जाणतो. त्या काड्यांवर भाजलेले अन्न मी खाणार नाही.

ओल्या लाकडाचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगतो. गेल्या माघात मी एका अशाच मळ्यातल्या ठिकाणी गेलो होतो. पत्र्याची बुटकी शेड, तीन बाजूंनी बंद. आत दोन बायका भाकऱ्या थापीत होत्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि शेडच्या दारात उभे राहून काही तरुण तिची छायाचित्रे घेत होते. ते गेल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, लाकूड ओलं दिसतंय. वाळलेलं नाही का मिळत?" ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "वाळलेलं मागं ठेवलंय बाबा. धूर दिसला तरच गिऱ्हाईक थांबतं, असं मालकांचं म्हणणं हाये."

माझ्या आईने आयुष्याची चाळीस वर्षे चुलीपुढे काढली. फुंकणीने फुंकता फुंकता तिला येणारा खोकला अजून माझ्या कानांत आहे. घरी गॅस आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ती चूल स्वतः पहारीने फोडली. वडील म्हणत होते, असू दे एक, पाहुणे-रावळे आले तर लागेल. तिने ऐकले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरगुती सरपण, कोळसा व रॉकेल यांच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. तो धूर घराबाहेर काढावा म्हणून आपल्या सरकारने १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू केली. आणि आता तोच धूर पाहावयास आपण शहरातून मोटारी घेऊन जातो व त्याचे पैसे मोजतो.

मी चुलीवरच्या अन्नाविरुद्ध बोलत नाही. धुराखेरीज चूल पेटत नाही हे मात्र खरे नाही. लाकूड सुके असावे, शेड उघडी असावी, वर धुराडे असावे. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेली मगन चूल धूर नळावाटे बाहेर सोडते. तशा चुली बांधणारे गवंडी आजही मिळतात. गंगापूर रस्त्याच्या परिसरात आणि त्र्यंबकच्या वाटेवर अशी उघडी, हवेशीर ठिकाणे मला आढळली आहेत, आणि तेथील भाकरीची चव तिळमात्र उणी नाही. म्हणून माझ्या यादीत अन्नाच्या चवीपूर्वी एक रकाना आहे : धूर कोणाच्या डोळ्यांत जातो? बंद खोलीत कोळशाची शेगडी टेबलामध्ये ठेवून देणाऱ्या नव्या पद्धतीच्या हॉटेलांनाही हाच प्रश्न विचारावा. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही व नाकाला कळत नाही. वर शोषक पंखा चालू नसेल तर तेथे मुलांना घेऊन बसू नये.

आता शूल्य पदार्थांची ठिकाणे. जुन्या नाशकात दूध बाजार, चौक मंडईच्या बाजूस संध्याकाळी शेगड्या पेटतात, आणि रमजानच्या महिन्यात तर तो भाग रात्री उशिरापर्यंत जागा असतो. येथे ताऱ्यांची यादी लागत नाही. ज्या शेगडीपाशी शेजारपाजारचे लोक डबा घेऊन उभे असतात तेथे उभे राहावे. सळईवर खिमा चढविणाऱ्या माणसाचा हात पाहावा : तो हात पाण्यात बुडवून खिमा एकसारख्या जाडीने पसरतो, कारण जाड-पातळ झाला तर एक टोक करपते व दुसरे कच्चे राहते. मालेगावकडे जाणे झाले तर तेथेही हीच दृष्टी ठेवावी.

मुंबई–आग्रा महामार्गावर, घोटी-इगतपुरीपासून चांदवडपर्यंत, ढाबे आहेत. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या मंडळींनी तंदूर देशभर नेला, तो या रस्त्यानेही आला. मातीच्या भट्टीत तळाशी कोळसा, आणि तापलेल्या भिंतींची धग चहूकडून पदार्थावर येते, म्हणून तंदुरातले मांस लवकर भाजते व आत रसाळ राहते. पण भट्टीच्या भिंती तापावयास तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून दुपारी साडेअकराला तंदुरी मागू नये, "भट्टी केव्हा लावली?" असे मोकळेपणाने विचारावे. ज्याने खरोखर लावली आहे तो वेळ सांगतो, ज्याने नाही तो "बसा साहेब, होऊन जाईल" म्हणतो.

रंगाविषयी एक शब्द. काश्मिरी मिरचीने व हळदीने जो रंग येतो तो विटकरी असतो, आणि भाजल्यावर जागोजाग काळवंडतो. कुंकवासारखा अखंड लाल रंग कृत्रिम असतो. कर्नाटक राज्याने जून २०२४ मध्ये कबाबांत कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली, ती उगीच नव्हे. आणि कोंबडीचा सर्वांत जाड भाग हाडापाशी फोडून पाहावा : रस स्वच्छ निघाला पाहिजे, तंतू पांढरे व सुटे झाले पाहिजेत. आत सुमारे ७४ अंश उष्णता पोहोचली म्हणजे रोगजंतू मरतात. शंका आली तर ताट परत पाठवावे. मी पाठविले नाही त्याचा परिणाम सांगितलाच आहे. हॉटेलच्या भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावणे बंधनकारक आहे, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो पावतीवरही छापावा लागतो. तो पाहण्यात कमीपणा मानू नये.

मांसाहार न करणाऱ्यांनी आपल्याला यात वाटा नाही असे समजू नये. माझ्या मते नाशिकचे सर्वांत निखळ बार्बेक्यू पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यापाशी व गंगापूर धरणाच्या वाटेवर मिळते : मक्याचे कणीस. शेगडी, कोळसा, पंखा, आणि लिंबाच्या फोडीने लावलेले तिखट-मीठ. लपवावयास तेथे काहीच नसते. कणीस मात्र हिरव्या, ओल्या सालीत असलेले निवडावे, कारण तोडल्यानंतर दाण्यातील साखरेचे पिठात रूपांतर होऊ लागते.

हुरड्याचेही तेच शास्त्र. ज्वारीचा दाणा दुधातून पिठाकडे वळत असतो त्या मधल्या थोड्या दिवसांतच तो गोड असतो. गुळभेंडी व सुरती हे त्याचे जुने वाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा', 'फुले मधुर' हे खास हुरड्यासाठी काढले. आमच्या द्राक्षांच्या पट्ट्यात रब्बी ज्वारी थोडी. म्हणून सिन्नर-येवल्याच्या बाजूस, किंवा त्याहून पुढे नगरकडे जावे लागते. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि शक्यतो सकाळी. आगटीत गोवऱ्यांचा आर, त्यात कणसे खुपसलेली, आणि तळहातावर चोळून पुढे टाकलेले वाफाळते दाणे. आधीच चोळून डब्यात झाकून ठेवलेला हुरडा कोणी पुढे केला तर नम्रपणे नको म्हणावे. तो वातड झालेला असतो.

आणि भरीत. सिडको-सातपूरच्या वस्तीत खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि हिवाळ्यात त्यांच्या पोळी-भाजी केंद्रांतून भरीत व कळण्याची भाकरी मिळते. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते वांगे मोठे, हिरवट, कमी बियांचे. खानदेशात ते कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजतात. साल जळून कोळसा होते, पण आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो. म्हणजे एकाच वांग्यात बाहेर शूल्य व आत उख्य! पाणिनीला हे वांगे दाखवावयास हवे होते. शहरात पऱ्हाट्या मिळत नाहीत, म्हणून पुष्कळजण गॅसवर भाजतात. विचारले तर प्रामाणिकपणे सांगतात, आणि दोन दिवस आधी कळविले तर गावाकडून भाजलेली वांगी मागवूनही देतात.

यंदा नाताळात भाचा पुन्हा येणार आहे. त्याला पत्राने कार्यक्रम कळविला आहे : पहिल्या दिवशी सकाळी मिसळ व भाकरी, तीही उघड्या शेडमध्ये, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सिन्नरकडे हुरडा, संध्याकाळी दूध बाजार. भाचेसुनेने परभारे आमच्या घरी निरोप धाडला आहे की, कोंबडीच्या ठिकाणी ती येईल, परंतु डब्यात आपले भरीत घेऊनच येईल.